भिंतीपलीकडचं माहेर

केसर उंबऱ्याशी उभी होती आणि तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. आठवा महिना, पहिलटकरीण. एक पाय उचलला की ओटीपोटाखाली कळ जायची.

"नखरा शे," सासू म्हणाली.

सारंगखेड्यात मी नर्स होते. घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची. केसरला तपासलं. ओटीपोटाखाली पुढच्या बाजूला दोन हाडांचा सांधा असतो, तो गरोदरपणी सैल पडतो. काहींचा जरा जास्तच. नखरा रोज एकाच जागी दुखत नाही, असं मी सासूबाईंना सांगितलं. जुन्या लुगड्याची घडी करून केसरच्या कमरेखाली पट्ट्यासारखी बांधली. कूस बदलताना गुडघे जुळवून ठेवायचे. डिलिव्हरी डाव्या कुशीवर, पाय न ताणता. झाला प्लॅन.

घोडं पेंड खाऊ लागलं ते पुढेच. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर तापीपलीकडे. आधी होडी, मग बैलांची दमणी. त्या धक्क्यांत पोरीचे हाल झाले असते. मी साफ नाही म्हटलं. मग तिच्या आईलाच बोलावून घेतलं. ती आली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर ओट्यावरच बसली.

"पोरना घरनं पानीबी आम्ही पेत नही. तिले लेकरू व्हवापर्यंत."

"माले माय पायजे," केसर आतून रडत म्हणाली. मला तिची दया आली आणि रिवाजाचा रागही.

शेजारची खोली रिकामी होती. मी केसरच्या आईला म्हटलं, "तिथे तुमची चूल मांडा. तुमची चूल तेच केसरचं माहेर."

आईनं विचार केला. "पन पाठवनी रीतनी व्हवाले पायजे."

मग काय, ओटी भरली. केसर उंबऱ्यावर बसली, दोन्ही पाय एकदम बाहेर वळवले आणि उठली. बसून सासर सोडणारी सून बघायला आळी जमली होती. सासूबाईंनी खरोखर डोळे पुसले. सून चालली होती भिंतीपलीकडे.

डिलिव्हरी कुशीवरच झाली. वरचा पाय आईनं हातावर धरला, दुखणार नाही इतकाच. मुलगी झाली, ठणठणीत. मला फार बरं वाटलं. आई आता लेकीच्या घरचं पाणी प्यायला मोकळी झाली.

सासूबाई मात्र नात बघायला येईनात. आता ते विहिणीचं घर, आमंत्रण नको का? आई म्हणे, आजीला कसलं आमंत्रण? शेवटी कुंकवाचा करंडा घेऊन मीच गेले. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, झबलं मांडीवर घेऊन, भिंतीला कान लावून बसल्या होत्या.

"सकायपासून वाट पाही ऱ्हायनू, बाई."

त्यानंतर घरी डिलिव्हरी ठरवताना मी गरम पाणी आणि स्वच्छ कापडाच्या आधी एक गोष्ट विचारून घेत असे. या घरात रुसणार कोण?