चाचांच्या दुकानातला लेडीज सेंट

चपलांच्या दुकानात माणूस पाय दाखवतो, सोनाराकडे ऐपत दाखवतो. सेंटच्या काउंटरवर काय दाखवेल, देवालाच ठाऊक! वर्षभरात माझ्याकडे इतके किस्से साठलेत की संध्याकाळी घरी गेले की नवरा चहासुद्धा मागत नाही. आधी विचारतो, "आज कोण आलतं?"

दुकान अत्तारचाचांचं. कोल्हापुरात तीन पिढ्या अत्तर विकणारं घर. मी नऊ वर्षं मागच्या खोलीत उदबत्त्यांचे पुडे बांधत होते. मग एका कंपनीचा बायकांचा सेंट आला, ताज्या फुलांच्या वासाचा, आणि चाचांनी मला पुढं उभं केलं. अट एकच घातली. "रेखा, आमच्या दुकानातनं गेलेली बाटली आजवर माघारी आलेली न्हाय. एक जरी आली, तर हे काउंटर बंद. तू आपल्या उदबत्त्या बांध."

नऊ वर्षांनी गिऱ्हाइकाचं तोंड दिसत होतं हो! मला परत आत जायचं नव्हतं.

* * *

कंपनीची मॅडम पुण्याहून शिकवायला आली, काउंटरवर एक छापील कागद चिकटवला. म्हणाली, "हा सेंट मोकळ्या, हसऱ्या, फ्रेश पर्सनॅलिटीसाठी आहे. कस्टमरला आधी स्वभाव विचारायचा."

पहिल्याच बाईंना मी विचारलं, "ताई, तुमचा स्वभाव कसा आहे?"

बाईंचा चेहरा उतरला. पर्स काउंटरवर आपटून म्हणाल्या, "कोण बोललं तुला? माझी जाऊ आलती न्हवं हितं?"

मी आपली नाही नाही म्हणतेय, तर त्या ओरडल्या, "काय काय सांगितलं तिनं, ते बोल आधी!"

शेवटी बाटली घेतली. जाताना बजावून गेल्या, "पुन्यांदा आली तर तिला सांग, मोकळ्या स्वभावाची बाटली घिऊन गेली म्हणून!"

* * *

एक लेडी कंडक्टर आल्या. गगनबावड्याच्या गाडीवर ड्युटी, आवाज असा की रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघत होते. सँपलची बाटली उचलली आणि अंगावर मारतच सुटल्या. मी बारापर्यंत मोजलं, मग हात धरला. "अहो मॅडम, दोनदा पुरतं! नाजूक वास आहे हा."

"घाटात अर्धी गाडी ओकतीया," त्या म्हणाल्या. "नाजूक घिऊन काय करू? टाकीभर मिळतंय का बघ की!"

* * *

साठीचे एक पावणं बायकोसाठी सेंट घ्यायला आले. मी सवयीनं विचारलं, "बाईंचा स्वभाव कसा आहे?"

डोकं खाजवत म्हणाले, "चाळीस वर्सं झाली लग्नाला. आसं कुणी इचारलंच न्हाय की! थांबा, भाईर गाडीवर बसलीया, तिलाच इचारून येतो."

पाच मिनिटांनी परत आले, तोंड पांढरंफटक.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, चाळीस वर्सांत तुमास्नी एवढं बी कळलं न्हाय? आन् रिक्षा करून गेली!" त्यांनी घाम पुसला. "ताई, दोन बाटल्या बांधा."

* * *

एका मुलाच्या आईला तो कंपनीचा कागद फारच पटला. "म्हंजे ज्या पोरीला ह्यो वास सोसंल ती हसरी, न्हाय सोसला तर खडूस?" मी कपाळाला हात लावला, पण त्या बाटली घेऊन गेल्या त्या थेट मुलगी बघायलाच. पोहे बाजूला राहिले, आधी मुलीच्या मनगटावर फवारा! मुलगी शिंकायला लागली ती थांबेचना. स्थळ मोडलं.

हे सगळं त्यांनीच येऊन सांगितलं. आता बाटली माघारी देतात की काय म्हणून मी त्यांच्या पिशवीकडंच बघत होते. पण त्यांना पुढची मुलगी बघायची होती, त्यामुळं बाटली त्यांच्याकडंच राहिली.

आठवड्यानं एक कॉलेजची मुलगी आली. "मागल्या आठवड्यात माझ्या हातावर मारलेला तोच सेंट द्या." चौकशी केली तर हीच ती!

"अगं, तुला तर शिंका येतात ना?"

"त्या मी मुद्दाम काढल्या की!" ती म्हणाली.

* * *

आणि शाहूवाडीकडची वंदना. लाजत लाजत आली, सेंट पिशवीत तळाला घालून घेऊन गेली. चौथ्या दिवशी परत दारात.

"ताई, म्हस मला वळखंना! धार काढाय बसले तर लाथ मारली. बादली गोठ्याभाईर! सासूबाई म्हणत्यात, घरात एक तर म्हस ऱ्हाईल न्हाय तर बाटली. परत देऊन ये."

चाचा गल्ल्यावरच बसले होते. मी हळूच विचारलं, "तुला द्यायचीय का परत?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाय ओ. आयुष्यात पयल्यांदा घेतलीया मी."

"मग रोज थोडा थोडा मार. होईल म्हशीला सवय." म्हशीतलं मला काय कळतंय! पण ती गेली.

दोन महिन्यांनी भर दुपारी एक म्हातारी आत आली. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू. तीच बाटली तिनं काउंटरवर ठणकन ठेवली. "मी वंदनाची सासू. ही घे!"

चाचा उठून उभे राहिले. संपलं, म्हटलं. बघते तर बाटली रिकामी!

"सून बाळंतपणाला म्हायेरी गेलीया," म्हातारी म्हणाली. "म्हस त्या वासाबिगर पान्हा सोडंना. म्हैनाभर मीच मारून धार काढली. सपलं. दुसरी दे."

मी नवी बाटली फोडून तिच्या दोन्ही मनगटांवर फवारा मारला. म्हातारीनं पदर मागं सारला आणि मान पुढं केली.

"हितं कानामागं बी मार."

"आजी, म्हस कानामागं हुंगते होय?"

"तू मार म्हणतीया न्हवं!"