सुकटाच्या डब्यातली बाटली

सगळा जन्म मासे मारण्यात गेला, पण पोरीचा श्वास काय मला कळला नाय.

तेव्हा ती नुकती चालायला लागलेली. थंडीत सर्दी झाली, मग ताप चढला. आमच्या होडीचं इंजिन बिघडलेलं, म्हणून चिंचणीला घरी पोरीजवळ मीच. घरवाली मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात. पोर गोधडीवर पडून भराभर श्वास घेत होती, बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी शेजाऱ्याला हाक मारून म्हणालो, "बघ रे, झोपेत पण पळते. माझ्यावर नाय गेली!"

तेवढ्यात घरवाली आली. टोपली अजून डोक्यावरच, दारातनंच ओरडली, "अवं, होडीत टाकलेला मासा असाच कल्ले हलवतो ना? दिसत नाय तुमाला?"

मग मात्र पोरीला गोधडीसकट उचललं. रिक्षा करून सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वय किती?" मी घाबरून होडीचं वय सांगितलं. घरवाली म्हणाली, "यांच्याकडं नका बघू बाई, पोरीकडं बघा."

निमोनिया निघाला. नाकाला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. मी कोपऱ्यात उभा राहून येतील तेवढ्या देवांची नावं घेतली. पोरीनं डोळे उघडून माझी मिशी ओढली, तेव्हा मला रडू फुटलं. मिशी दुखली म्हणून रडतो, असं मी सगळ्यांना सांगितलं.

घरी सोडताना पावडरची बाटली दिली. उकळून गार केलेलं पाणी घालून सिस्टरनंच ती हलवून दिली. मला वाचता येत नाय, म्हणून टोपणावर किती भरायचं त्याची पेनानं रेघ मारली. "दादा, पोर बरी दिसली तरी मधेच बंद करू नका. सांगितलंय तेवढे दिवस द्या." मी मान हलवली. मान हलवायला मी हुशार हाय.

घरी थोडे दिवस औषध पाजलं, तशी पोर कोंबड्यांच्या मागे धावायला लागली. बाटलीत औषध तर अजून होतं. आता आमच्यात उरलेलं कोण टाकत नाय. बोंबील, जवळा, जादा झालं की वाळवायचं नि पावसाळ्यासाठी डब्यात भरायचं. मी ती बाटली सुकटाच्या डब्यात खाली खुपसली, झाकण घट्ट लावलं. पावसात पोर आजारी पडली तर औषध घरातच! स्वतःवरच खूश झालो.

मग पोरीला परत ताप आला. कोंबड्या दारात आल्या तरी उठेना.

"औषध दिलं?" घरवालीनं विचारलं.

"ठेवलंय ना सुकटाच्या डब्यात, पावसाळ्याला."

तिनं डबा उघडून बाटली बाहेर काढली. मग हळू विचारलं, "अर्धवट सुकलेले बोंबील डब्यात भरता काय तुमी?"

"छ्या! आतनं ओले ऱ्हातात ते. वरनं चांगले दिसतात, पण आत किडे होतात नि सगळा डबा..."

तिच्या हातनं बाटली घेतली. पोरीला उचललं नि निघालो.

सिस्टरनं बाटली हातात घेतली, नाकाजवळ नेली. "दादा, हे औषध हाय का चटणी?" सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरीणबाईंनी पोरीची छाती बराच वेळ ऐकली. तेवढा वेळ मीच श्वास घेतला नसंल. "आत अजून हाय," त्या म्हणाल्या, "पण वेळेत आणलंत. होईल बरी." ओरडल्या नायत. मला तर वाटलं होतं, चांगल्या ओरडतील.

नवीन बाटली दिली. या वेळी रेघेपर्यंत भरून, पोर लाथा मारत असताना, रोज मीच पाजलं. निम्मं माझ्या बनियनवर गेलंय असं घरवाली म्हणायची, तिचं काय ऐकू नका. औषध पुरं झाल्यावर पोरीला दाखवायला नेलं, तेव्हा सिस्टरसाठी बोंबील नेले. तिनं एक मोडून बघितला. "पूर्ण सुकलेत ना, दादा?"

डॉक्टरीणबाई नि सिस्टर, त्या दोघींचे नि त्या औषधाचे माझ्यावर किती उपकार हायत, ते मला बोलून सांगता येत नाय.

पोरगी आता शाळेत जाते. मी जेवणाचा डबा विसरून होडीत चढलो की किनाऱ्यावरनं ओरडते, "बा, डबाऽऽ!" छाती भरून ओरडते. वारा उलटा असला तरी येतो आवाज. बाकीचे होडीवाले हसतात, म्हणतात, बहिरा झाला हा.

मला पहिल्याच हाकेला ऐकू येतं. पण मी वळत नाय. अजून एकदा ओरडू दे तिला.