शामाचा कंठ

"सर, अब्बा गेले." रफीकभाऊंची मुलगी सलमा फोनवर एवढंच म्हणाली. अमळनेरच्या भाजीबाजारात मी मेथीची जुडी हातात धरून उभा होतो... जुडी तिथंच ठेवून निघालो. त्याला आता दीड महिना झाला.

रफीकभाऊ गाद्या भरायचे. सारा जन्म कापूस पिंजायच्या मशीनशेजारी काढला आणि त्या घरघरीनं कान गेले. पण त्याआधी या माणसानं मला, एका शाळामास्तराला, जंगलाचा नाद लावला. उन्हाळ्यात दुपारी दुकान बंद करून ते माझ्या स्कूटरवर मागे बसायचे आणि चोपड्याच्या पुढे सातपुड्यातल्या एका नाल्यापाशी आम्ही उतरायचो. तिथं ते नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायचे. बांबूची दाट बेटं, खाली कुजलेला पाला आणि त्या अंधुक उजेडात शामा पक्षी. काळाभोर, पोट विटकरी, शेपटी भलतीच लांब. माणसाची चाहूल लागली की गडप. दिवस कलला, बाकीची पाखरं गप्प झाली, की हा गायला बसतो. स्वतःचं गाता गाता बुलबुल, शिंपी अशा दुसऱ्या पाखरांच्या बोली त्यात अशा मिसळतो, की आपण तोंडात बोट घालावं. "बठ्ठं जंगल त्याना कंठमा शे, मास्तर," रफीकभाऊ म्हणायचे.

मग चार उन्हाळे ते आलेच नाहीत. "ऐकाले येत नही, ते जाईसन काय करू?" गेल्या वर्षी सलमानं हट्टानं कानाचं मशीन घेऊन दिलं आणि आम्ही पुन्हा निघालो. एरवी एवढा धीट माणूस, पण त्या दिवशी वाटभर माझा खांदा घट्ट धरून बसला होता. शामा ऐकू येणार की नाही, एवढाच प्रश्न होता...

शामा बांबूवर दिसला, पण गप्प. मला राहवेना. "गातोय, भाऊ," मी थाप मारली.

"खोटं नका बोला. त्याना कंठ हालत नही."

मी ओशाळलो. तेवढ्यात त्यांनी कानामागे हात धरला आणि मशीननं बारीक शिट्टी मारली. झालं, पाखरू उडालं असंच मी धरून चाललो. पण आपल्या हद्दीत हा कोण शिट्टी मारतोय, अशा तोऱ्यात ते फांदीच्या टोकावर आलं आणि शेपटी उडवत गायलाच लागलं. रफीकभाऊंनी क्षणभर ऐकलं आणि मशीन काढून खिशात टाकलं. "निस्ता पत्रा वाजस यामा."

मी परतायला वळलो. ते मात्र पाखराच्या गळ्यावर डोळे लावून हलकेच बोलू लागले, "आते बुलबुल... आते शिंपी... आते त्यानं सोतानं." नुसती गळ्याची थरथर बघून! मी कान देऊन पडताळत होतो. एकदाच चुकले, मी खुणेनं सांगितलं, तर तोंडावर हात धरून हसले. इतकी वर्षं आपण नुसते ऐकत होतो आणि हा माणूस ऐकता ऐकता बघतही होता, हे मला तेव्हा कळलं.

परवा एकटाच गेलो. शामा गात होता. बुलबुल कळला, शिंपी कळला. मग एक आवाज असा आला, की काही केल्या ओळखेना. मी उजवीकडे वळून विचारलंसुद्धा, "हा कोणाचा हो, भाऊ?"