क्ष बरोबर क्ष अधिक एक

शाळेत संगणक आले तेव्हा ते शिकवायला माणूसच नव्हता. मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीत विचारलं, "कोणाला येतं यातलं?" सगळे माना खाली घालून वह्या तपासायला लागले. मीही. गणिताचा मास्तर म्हणून सगळे माझ्याकडेच बघत होते, पण मला त्या खोक्यांची भीती वाटायची. आता कबूल करायला काय जातंय! शेवटी टायपिंगच्या बाई म्हणाल्या, "कीबोर्ड तर ओळखीचा आहे. बाकीचं बघू."

टायपिंगचा वर्ग त्याच वर्षी बंद होणार होता, म्हणजे बाईंना नारळ ठरलेलाच. त्या तीन महिन्यांचा कोर्स करून आल्या आणि हंगामी म्हणून संगणकाच्या बाई झाल्या. बोटं मात्र टायपिंगचीच राहिली. दर सहामाहीला एक कीबोर्ड स्वर्गवासी व्हायचा. त्यांची खटखट व्हरांड्याच्या टोकाला माझ्या वर्गात ऐकू यायची. मुलं त्यांना खटखटबाई म्हणायची. ते नाव मीच पाडलं होतं.

सहा संगणक आणि चाळीस मुलं. माऊसच्या पोटात तेव्हा रबरी गोळी असायची आणि कार्टी ती काढून खिशात घालायची. तास संपला की बाई दारात उभ्या राहून सहा गोळ्या मोजून घ्यायच्या. एक कमी भरली की दार बंद. मग माझ्या तासाला अर्धा वर्ग दहा मिनिटं उशिरा. मी नुसता धुमसायचो. आधीच त्या संगणकापायी माझे आठवड्याचे दोन तास गेले होते, आणि वर हे!

त्यातच नववीत एके दिवशी स्फोट झाला. त्या वर्गात एक मुलगी होती, माझ्या विषयात नेमाने भोपळा आणणारी. मी तिला भोपळाबाईच म्हणायचो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मी फळ्यावर समीकरण सोडवत होतो आणि ही कधी नव्हे ती बोलली, "सर, क्ष बरोबर क्ष अधिक एक असं पण असतं ना?"

"कोणी सांगितलं?"

"संगणकाच्या बाईंनी लिहिलंय फळ्यावर."

माझं टाळकंच सरकलं. दोन्हीकडचा क्ष काढा, काय उरतं? शून्य बरोबर एक! पंधरा वर्षं घसा कोरडा करून मी जे शिकवलं, त्यावर या बाईंनी बोळा फिरवला होता. बाईंना जाऊन विचारावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. सुचली असेल, पण करायची नव्हती. मी मधल्या सुट्टीत कागद घेतला आणि शाळेच्या समितीला तक्रार लिहिली. पहिलं वाक्य अजून पाठ आहे: 'संगणकाच्या तासाला मुलांना धडधडीत चुक शिकवली जात आहे.' खाली सही नाही. 'एक हितचिंतक.'

मुख्याध्यापकांच्या हातात कागद देताना म्हणालो, "माझं नाव येऊ देऊ नका."

ते म्हणाले, "नाव कशाला हवं? तुमचं अक्षर सगळी शाळा ओळखते. टाइप करून घेतो आणि मग पुढे पाठवतो."

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "तिचे सासरे अंथरुणाला खिळलेत, दोन पोरं शाळेत जातात आणि कमावणारी ती एकटी. ठाऊक आहे ना तुम्हाला?" ठाऊक होतं. नोकरी कायम करायची की काढायचं, हे समिती त्याच महिन्यात ठरवणार होती, तेही ठाऊक होतं.

आठवड्याने मुख्याध्यापकांनी बोलावलं. समितीचं उत्तर आलं होतं: गणिताच्या सरांनी बाईंच्या एका तासाला बसावं आणि लेखी मत द्यावं. म्हणजे तक्रार माझी आणि न्यायाधीशही मीच! मुख्याध्यापक चष्मा पुसत राहिले, माझ्याकडे काही बघेनात.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी स्वतःची खुर्ची उचलून आणली. "बाक टोचेल सर, यावर बसा."

त्या तासाला त्यांनी एकही संगणक लावला नाही. टेबलावर पत्र्याचा डबा ठेवला, त्यावर खडूने लिहिलं 'क्ष'. आत '५' लिहिलेली चिठ्ठी टाकली. फळ्यावर तेच लिहिलं, क्ष = क्ष + १, आणि पुढे बोलावलं कोणाला? भोपळाबाईला.

"या तासाला त्या दोन रेघांना बरोबर म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या. "काय म्हणायचं?"

"ठेव," वर्ग ओरडला.

भोपळाबाईने डब्यातली चिठ्ठी काढली. "डब्यातलं काढ. पाच. एक मिळव. सहा." नवी चिठ्ठी लिहिली. "परत डब्यात ठेव." मग पुन्हा. सात, आठ, नऊ. माझ्या वर्गात जिचं तोंड उघडायचं नाही ती पोर वीसपर्यंत गेली, एकदाही न अडखळता, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुमच्याकडे ती खूण सांगते. इथे ती काम करते."

वर बाईच वर्गाला म्हणतात कशा, "पण सरांचंही खरं आहे हं. गणिताच्या वहीत कोणी असं लिहिलं तर कान मी धरीन."

मी तिथेच बसून मत लिहिलं. 'बाई शिकवतात ते योग्य आहे. ते कळायला मला एक तास लागला.' महिनाअखेरीस बाई कायम झाल्या. शिक्षकखोलीत येऊन मला म्हणाल्या, "सर, तुमच्यामुळे हा तास झाला."

मग एकोणीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो. मला ईमेल करायला त्यांनी शिकवलं, तेही न हसता. माझ्या मुलीच्या लग्नात त्या पाहुण्यांची यादी सांभाळत होत्या. काय दिवस होते ते! मधल्या सुट्टीत आम्ही दोघं मुलांच्या चुका वाचून दाखवायचो आणि खोली हसून हसून बेजार व्हायची. मला मात्र आतून एक गोष्ट खात होती. बायको दरवर्षी म्हणायची, "अहो, सांगून टाका एकदा." मी म्हणायचो, निवृत्त होताना सांगीन. निवृत्त झालो, तरी दातखीळ बसलेलीच.

मग बाईंचा निरोपाचा दिवस आला. मी मुद्दाम लवकर गेलो. संगणकाच्या खोलीत त्या एकट्याच कपाट आवरत होत्या. जुन्या गोळ्यांची बरणी हातात होती. माऊसला गोळ्या लागेनाशा होऊनही जमाना झाला होता, पण त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या.

"बाई," मी म्हणालो, "तुमच्या विरुद्ध एक तक्रार गेली होती. पहिल्या वर्षी. ती..."

"तुमची होती."

"मुख्याध्यापक बोलले?"

"छे हो. त्यांनी तो कागद टाइप करायला दिला." बरणीचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "तेव्हा शाळेत टायपिंग कोणाला येत होतं, सर?"

स्वतःची नोकरी घालवणारा कागद या बाईंनी स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता. ती खटखट त्या दिवशी माझ्या वर्गातही ऐकू आली असणार, आणि मी नेहमीसारखा वैतागलो असणार. मला रडू आवरेना.

"माफ करा," एवढंच म्हणता आलं.

"केव्हाच केलं. तुमचं मतही मीच टाइप केलं होतं ना! पण तक्रारीत एक शब्द मी बदलला होता, ते तुम्हाला सांगायचं राहिलं."

"कोणता?"

"तुम्ही 'चुक' असं ऱ्हस्व लिहिलं होतं. मी दीर्घ केलं आणि पाठवलं. म्हटलं, समितीपुढे सरांचं हसू नको व्हायला."

घरी आल्यावर चपला न काढताच शब्दकोश काढून पाहिला. दीर्घच आहे.