मोलकरणीचा रोल

"तुला कुठे अ‍ॅक्टिंग करायची आहे? तुझं नेहमीचंच बोल. कामवालीला अगदी शोभतं."

चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या नाटकाची तालीम चालू होती. बोलणाऱ्या मॅडम मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे मिस्टर माझ्या नवऱ्याचे साहेब. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची आजही चीड येते.

मी अकोल्याकडची. माझी बोली वऱ्हाडी. नाटकात डॉक्टर, वकील, सासू सगळ्या पुस्तकातलं मराठी बोलणार. माझ्या हातात दरवर्षी झाडू. मी तोंड उघडलं, की टाळ्या. मला वाटायचं, कौतुक आहे.

नाही म्हणायची सोय नव्हती. नवऱ्याचा बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर. मंडळ सोडलं, तर घराबाहेर मराठीत बोलायला कोणी नाही. जाणार कुठे?

त्या रविवारी आईचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"काय करून राह्यली वं माय?" तिनं नातीला विचारलं.

लेक फिस्सकन हसली. "मम्मी, नानी तो बिल्कुल कामवाली जैसी बोलती है."

आईला हिंदी कळतं.  तिनं फोन ठेवला.

अंगाची लाही लाही झाली. लेकीवर उगारलेला हात तसाच खाली घेतला. तिचं काय चुकलं? पहिल्या रांगेत बसून दरवर्षी तिनं हेच पाहिलं होतं. जी वऱ्हाडी बोलते ती भांडी घासते, आणि लोक तिला हसतात. भांडी घासण्यात लाज कसली? लाज त्या हसण्यात होती.

पुढच्या तालमीला मी झाडू घेतलाच नाही.

"मॅडम, यंदा मी डॉक्टरीन होतो. वऱ्हाडीच बोलतो."

"अगं, डॉक्टर अशी बोलते का कधी?"

"आमच्या इकडची अशीच बोलते."

कोणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मग राहू दे."

मोलकरीण ठाण्याच्या एकीला दिली. ती माझी नक्कल करते म्हणे. टाळ्या तिलाही मिळाल्या.

नवरा घाबरला. "साह्यबाच्या बायकोले नाई म्हनलं तुनं? आता बदली इसरून जा."

बदली झाली नाही. मंडळाचं बोलावणं येत नाही. लेकीला मी वऱ्हाडीतच उठवते, वऱ्हाडीतच रागावते. ती हिंदीत उत्तर देते. देऊ दे. पण माझ्या आईच्या बोलीला जो हसेल, त्याची गाठ माझ्याशी आहे. मग तो साहेब असो, की माझ्या पोटची पोर.