गुरुवारची गोळी

खुर्चीत बसल्याबरोबर ते उजवी बाही दंडापर्यंत सारत आणि विचारत, "मला काही होतंय का? नाही ना? मग?"

त्या 'मग?'ला आमच्या नाशिकरोडच्या दवाखान्यात कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी तिथे कंपाउंडर. ते जकात नाक्यावर कारकून, राहायला माझ्याच गल्लीत. त्यांच्या रक्तदाबाचा पारा पाहून घाम मला फुटायचा आणि हे गृहस्थ निवांत सुपारी चघळत बसलेले.

सत्तरच्या दशकात दाबावर जी गोळी आम्ही देत होतो, तिनं काहींचं नाक चोंदायचं. यांचंही चोंदे. गुरुवारी गल्लीतल्या दत्तमंदिरात भजन असे आणि मुख्य आवाज यांचा. म्हणून बुधवार-गुरुवार गोळी बंद. शुक्रवारी भरपाई म्हणून तीन एकदम!

"उपास सोडताना माणूस दोन घास जास्त खातोच ना, कंपाउंडर?"

मग शुक्रवारी नाक्यावर उभ्या उभ्या अंधारी येई आणि बोल गोळीला. आता तुम्हीच सांगा, अशा माणसापुढे कपाळ बडवून घेण्यापलीकडे काय करायचं?

"डॉक्टरांना सांगा, औषध बदलून देतील," मी म्हणे.

"गाण्यासाठी औषध बदला म्हणू? हसतील ते. तुम्हीही सांगायचं नाही, शपथ आहे." मग आवाज खाली आणून, "आठवडाभर ट्रकवाल्यांच्या शिव्या खातो. गुरुवारचे दोन तास तेवढे माझे असतात हो."

"मरा मग," मी चिडून म्हणालो. डॉक्टरांना सांगितलं नाही. त्याचं कारण शपथ नव्हती, राग होता. आज कबूल करतो.

एका गुरुवारी दुपारी ते नाक्यावरच कोसळले. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं, वाचा गेली.

घरी आणल्यावर मी रोज संध्याकाळी दाब मोजायला जाई. वहिनी देतील ती गोळी ते निमूट घेत. गुरुवार आला आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. वहिनी विनवण्या करून थकल्या. माझा तोल गेला. "आता कुठं गायचंय तुम्हाला?"

बोललो आणि जीभ चावली.

तेवढ्यात मंदिरात टाळ वाजू लागले. त्यांनी वहिनींच्या हातातली गोळी घेऊन उशाखाली ठेवली आणि डाव्या हातानं चादरीवर ठेका धरला.

भजन संपलं. त्यांनी गोळी काढून तोंडात टाकली, डाव्या हातानं उजवी बाही दंडापर्यंत सारली आणि माझ्याकडे पाहिलं. 'मग?' विचारायला वाचा नव्हती.