माय बाळाला पायावर घेईना

बाळंतपणाला मी मुरुमला, माहेरी आले होते. मुलगी झाली. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी, आणि मी दिवसभर अर्धी झोपेत, अर्धी जागी. धुरातून माय दिसायची, कधी दारात, कधी चुलीपाशी. ही खरंच उभी आहे की मला पडलेलं स्वप्न, तेच कळायचं नाही. लांबून गिरणीचा आवाज यायचा आणि त्यातच दुपार बुडून जायची.

पण एक गोष्ट झोपेतसुद्धा टोचायची. आमच्याकडं बाळाला आजी न्हाऊ घालते. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, लुगडं गुडघ्याच्या वर सारायचं आणि उघड्या पायांवर बाळाला पालथं घेऊन तेल जिरवायचं. भावाच्या दोन्ही पोरांना मायनं असंच न्हाऊ घातलं. माझ्या पोरीला मात्र गल्लीतली एक बाई लावली. स्वतः पाणी तापवायची, पीठ कालवून द्यायची आणि लांब उभी राहायची. "पाय भरून येत्यात गं," म्हणायची.

मला असला राग आला की काय सांगू! भावाचे मुलगे, माझी मुलगी, हिशोब सरळ होता. आणि माझं तोंड काही गप्प बसणाऱ्यातलं नाही. "नात झाली म्हणून पाय दुखायलेत व्हय तुझे?" मी विचारलंच. मायनं पदर तोंडाला लावला आणि मोरीत गेली.

थोड्या वेळानं मोरीतून जंतुनाशकाचा उग्र वास आला, मग दाबलेलं कण्हणं. मी बाजेवरून उतरले, पडदा सारला. माय भिंतीला टेकून उकिडवी बसली होती, हातात हळदीची वाटी. तुळजापूरहून आणलेल्या देवीच्या परडीतली, टोपलीतली हळद.

"कुठं लावतेस?"

ती खाली बघतच बोलली. "लघवीच्या जागी पांढरं पडलंय. लई खाजतंय, चिरा पडत्यात. कोड हाय ते. देवीची परडी भरायची राहिली, त्याचं फळ. पोरीला लागलं तर? पुढं तिला कोण करून घेईल?"

बोलता बोलता ती माझ्यापासूनही मागं सरकली. इतके दिवस ती हे एकटीनं सोसत होती, वर माझे टोमणे.

सव्वा महिना होताच तिला धाराशिवला नेलं. कोवळं ऊन, माझ्या डोळ्यांवर झापड, मांडीवर पोरगी, खिडकीबाहेर तुरीची शेतं हळूहळू मागं जात होती. तुळजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तशी मायनं बसल्या जागीच हात जोडले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड नीट तपासलं. "मावशी, हे कोड नाही. कोडात नुसता रंग जातो. तुमची कातडी पातळ पडलीय, म्हणून खाजते, चिरते. लायकेन स्क्लेरोसस म्हणतात याला. पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतं. शिवल्यानं कुणाला लागत नाही. आणि कोडही लागत नाही, बरं का."

हातात आरसा देऊन मलम कुठं नि किती लावायचं ते त्यांनी दाखवलं. हळद, साबण, जंतुनाशकाचं पाणी, सगळं बंद करायला सांगितलं. "आराम पडला तरी मलम मनानं सोडायचं नाही. तपासायला येत राहा. अंगावर काढलं तर क्वचित कॅन्सर होतो."

मायनं मान हलवली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. मीही मोकळा श्वास सोडला.

मग बाईंनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं का? एखाद्या घरात दोघी-तिघींना निघतं."

"माझ्या मायला असंल," माय म्हणाली. "तीबी सारखी मोरीत जायची, कण्हायची. आमी लेकरं जवळ गेलो की लांब ढकलायची. कधी मांडीवर घेतलं न्हाय. मला वाटायचं, म्या तिला नकोशी हाय."

पोरगी माझ्या हातात चुळबुळ करत होती. मायनं तिच्याकडं बघितलं.

"ती मेली तवा म्या रडलेसुदीक न्हाय."